चौकटीतले घर, चौकटीतले शहर
(मंडळाच्या गणेशोत्सवात, चंदीगड येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या या व्यासपीठावरून आजवर ज्ञानेश्वरीपासून गुंतवणुकीपर्यंत आणि मधुमेहापासून शिवचरित्रापर्यंत सर्व विषयांवर व्याख्याने झाली. यंदा सचिवांनी मला सांगितले, "साहेब, तुम्ही घराबद्दल बोला. सगळ्यांच्या डोक्यात तेच आहे." ते खरे आहे. गेली काही वर्षे आपण आरतीनंतर प्रसाद घेताना एकमेकांना काय विचारतो? वरचा मजला विकता येतो का, व्हरांड्याला काच लावली तर नोटीस येते का, मुलगा-सून परत येणार आहेत तर एक खोली वाढवता येईल का. मी पेशाने वास्तुविशारद. शिक्षण मुंबईत झाले, नोकरी-व्यवसाय मात्र सगळा या शहरात. नकाशे काढण्यात आयुष्याची जितकी वर्षे गेली, तितकीच ते मंजूर करून घेण्यात गेली. तेव्हा आज मी सौंदर्यशास्त्रावर प्रवचन देणार नाही. शहर चांगले दिसावे, चांगले चालावे म्हणून सरकार आपल्या घराच्या भिंतीपर्यंत कसे येऊन पोहोचते, ते का येते, आणि त्याने कुठवर यावे, एवढेच सांगणार आहे.

आपल्यापैकी बहुतेकजण पुणे, नागपूर, सांगली, रत्नागिरीकडून आलेले. कोणी बँकेत, कोणी सैन्यात, कोणी पीजीआयमध्ये, तर खानापूर-आटपाडीकडचे आपले बांधव सराफ बाजारात गलाईच्या कामाला. इथे पाऊल ठेवल्यावर प्रत्येकाला एक गोष्ट जाणवते. रस्त्याच्या एका बाजूची सगळी दुकाने एका उंचीची, एका रांगेत, पुढे सारखाच व्हरांडा. लहान घरांची फाटके सारखी, कुंपणाच्या भिंतीही सारख्याच. आपल्याकडे प्रत्येक बंगला शेजारच्यापेक्षा वेगळा दिसण्याची धडपड करतो, आणि इथे कोणी परेडचा हुकूम दिल्यासारखी घरे उभी! ही शिस्त आपोआप आलेली नाही. तिच्यामागे कायदा आहे.

थोडा इतिहास सांगतो. फाळणीत लाहोर गेले आणि पंजाबला राजधानी उरली नाही. नव्या शहराचा पहिला आराखडा अमेरिकन नियोजनकार अल्बर्ट मेयर व त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी यांनी केला. १९५० मध्ये नोविकी विमान अपघातात गेले आणि काम ल कॉर्बुझिए यांच्याकडे आले. त्यांच्याबरोबर त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे, तसेच इंग्लंडचे मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हे दांपत्य. सचिवालय, विधानसभा, उच्च न्यायालय यांमुळे कॉर्बुझिए यांचे नाव जगभर झाले; पण आपण राहतो ती घरे आणि बाजार यांत जानरे, फ्राय, ड्रू आणि त्यांच्या हाताखालच्या तरुण भारतीय वास्तुविशारदांचा वाटा फार मोठा आहे. त्या भारतीय चमूच्या यादीत ए. आर. प्रभावळकर आणि जे. एस. देठे अशी नावे आहेत. ती वाचताना मला आजही बरे वाटते. सेक्टरांच्या या शहरात आपली अक्षरे पहिल्या पानापासून आहेत.

आता कायद्याकडे येतो. १९५२ साली 'कॅपिटल ऑफ पंजाब' विकास व नियमन कायदा झाला. त्याचे चौथे कलम प्रत्येक घरमालकाने एकदा तरी वाचावे असे आहे. कोणत्याही इमारतीच्या दर्शनी बाजूचे स्वरूप कसे असावे, घरे सुटी असावीत की जोडलेली, एका भूखंडावर किती निवासी इमारती असाव्यात, कुठे दुकान वा कारखाना नसावा, भिंती, कुंपणे, झुडपांच्या वया किती उंच आणि कुठे असाव्यात, या सगळ्याबद्दल प्रशासन आदेश काढू शकते. त्याच कायद्याखाली झाडे तोडण्यावर आणि जाहिरातींच्या फलकांवरही नियंत्रण आले. आपल्या उत्सवाचे बॅनर खांबाला बांधायला गेल्यावर आपल्या कार्यकर्त्यांना जे ऐकावे लागते, त्याचे मूळ १९५४ च्या जाहिरात नियंत्रण आदेशात आहे. तेव्हा पुढच्या वर्षी बॅनर उतरवला गेला तर त्या कर्मचाऱ्यावर रागावू नका. तो पन्नाशीच्या दशकातला हुकूम बजावतो आहे.

या कायद्याच्या आधारे इथे चार प्रकारची नियंत्रणे बसवली गेली. ती नीट समजून घेतली तर आपल्या घराच्या पुष्कळ प्रश्नांची उत्तरे मिळतात.

पहिला प्रकार संपूर्ण वास्तुनियंत्रणाचा. सेक्टर १७ चे उदाहरण घ्या. तिथे काँक्रीटच्या खांबांतील अंतर सुमारे सव्वापाच मीटर ठरलेले, मजले चार, पुढे व्हरांडा, आणि भिंत व काच खांबांच्या मागे. दुकान तुमचे, जागा तुम्ही लिलावात घेतलेली, पण बाहेरचा चेहरा शहराचा. मध्य मार्गावरच्या शोरूम आणि सेक्टरांमधले बाजार यांतही हेच तत्त्व. उन्हाळ्यात दुपारी आणि श्रावणातल्या पावसात त्या सलग व्हरांड्यातून चालून पाहा. शंभर वेगवेगळ्या मालकांनी आपापल्या मर्जीने बांधले असते तर ती सावली तुम्हाला मिळाली नसती. नियंत्रणाची खरी कमाई ही आहे. समोरून फोटो चांगला येतो हा नंतरचा लाभ.

दुसरा प्रकार रूपरेषा नियंत्रणाचा. सिनेमागृह, पेट्रोल पंप अशा खास इमारतींसाठी साधारण आकारमान आणि मांडणी ठरवून दिली जाते व बाकीचे तपशील मालकाच्या वास्तुविशारदावर सोडले जातात.

तिसरा प्रकार म्हणजे आपले प्रसिद्ध 'फ्रेम कंट्रोल'. माझ्या व्याख्यानाचे शीर्षक तिथूनच घेतले आहे. साधारण अडीचशे चौरस मीटरपर्यंतच्या लहान भूखंडांवरची ही घरे. इथे दोन्ही टोकांच्या भिंती आणि छताची रेषा मिळून एक चौकट ठरते. दारे-खिडक्यांची मापे ठराविक, फाटक आणि कुंपणाची भिंत ठराविक. चौकटीच्या आत तुम्ही तुमच्या सोयीने हवी तशी रचना करा. हे मला फार शहाणपणाचे वाटते. मोठ्या कोठीवाल्याच्या आजूबाजूला बाग असते. त्याचे घर थोडे विचित्र असले तरी झाडे झाकून घेतात. लहान घरे मात्र एकमेकांना खेटून असतात. एकाने दोन फूट पुढे काढले की शेजाऱ्याचा वारा अडतो, एकाने उंच कठडा बांधला की पलीकडच्या अंगणातले ऊन जाते. म्हणून जिथे घरे जवळ तिथे नियम कडक, असा तो हिशेब आहे.

चौथा प्रकार झोनिंगचा. मोठ्या भूखंडांच्या नकाशावर एक भाग रेघा मारून दाखवलेला असतो. बांधकाम त्यातच करायचे. पुढे, मागे किती जागा सोडायची, उंची किती, हे ठरलेले. दर्शनी भाग कसा करायचा याचे स्वातंत्र्य बरेच. थोडक्यात, घर जितके लहान तितकी चौकट घट्ट आणि घर जितके मोठे तितकी ती सैल. इथेच पहिली तक्रार जन्माला येते, तिच्याकडे मी पुढे येतो.

मंडळी, तुम्ही विचाराल की हे पुण्यात किंवा नागपुरात का होत नाही? तिथले अधिकारी काय कमी हुशार आहेत? मुळीच नाही. फरक जमिनीच्या मालकीत आहे. चंदीगडची सगळी जमीन सरकारने संपादित केली, तिचे भूखंड पाडले आणि अटी घालून विकले. अट वाटपपत्रातच लिहिलेली असते. ती मोडली तर भूखंड परत घेण्यापर्यंत, म्हणजे 'रिझम्प्शन'पर्यंत, मजल जाऊ शकते. इस्टेट ऑफिसच्या पत्राला आपण घाबरतो ते याच कारणाने. आपल्याकडच्या जुन्या शहरांत जमीन पिढ्यान्‌पिढ्या खाजगी मालकीची. तिथे महापालिकेच्या हाती राहते ती विकास नियंत्रण नियमावली. ती किती बांधायचे हे मोजते. एफएसआय किती, समोर किती जागा सोडली, पार्किंग किती, हे सगळे आकड्यांत बसते. इमारत रस्त्याशी कशी वागते, खाली चालणाऱ्या माणसाला सावली देते की नाही, हे आकड्यांत सहजी बसत नाही. म्हणून नियम पाळूनही कुरूप गल्ली तयार होऊ शकते.

तरीही आपल्याकडे प्रयत्न झाले आहेत. मुंबईने १९९५ मध्ये वारसा नियमावली आणली. शहराने वारसा जपण्यासाठी अशी नियमावली करण्याचे देशातले ते पहिले उदाहरण मानले जाते. दिल्लीने वेगळा मार्ग धरला. १९७३ चा कायदा करून १९७४ पासून तिथे दिल्ली नागरी कला आयोग बसवला. महत्त्वाच्या इमारतींचे प्रस्ताव स्थानिक संस्थांनी या आयोगाकडे पाठवायचे आणि आयोगाने सौंदर्य व परिसर यांच्या दृष्टीने ते तपासायचे. आणि याही आधी, कोणताही इंग्रजी शब्द नव्हता तेव्हा, १७२७ मध्ये वसवलेल्या जयपूरने बाजारांच्या दर्शनी भागांना एकसारखी शिस्त लावली होती. तेव्हा हा विचार परदेशातून आयात झाला असे समजण्याचे कारण नाही.

चंदीगडची पद्धत आणि दिल्लीची पद्धत यांत एक महत्त्वाचा फरक आहे. इथे नियम आधी लिहिलेला असतो. नकाशा काढण्यापूर्वीच तुम्हाला माहीत असते की काय चालेल आणि काय नाही. दिल्लीच्या पद्धतीत जाणकार मंडळी प्रत्येक प्रस्ताव वेगळा पाहतात आणि मत देतात. नियमाने खात्री मिळते, पण नियमाला डोळे नसतात. उत्तम इमारतही तो अडवतो आणि सुमार इमारत मापात बसली की सोडतो. जाणकारांच्या समितीला डोळे असतात, पण वेळ लागतो, आणि आजची समिती आवडीने जे मान्य करते ते उद्याची समिती नाकारू शकते. माझा अनुभव असा की सामान्य माणसाच्या लहान घराला लेखी नियम बरा आणि शहराच्या मोठ्या इमारतीला जाणकारांची नजर बरी. सामान्य माणसाला दहा खेटे घालणे परवडत नाही.

आता तक्रारी. त्या झाकून ठेवल्या तर हे व्याख्यान सरकारी पत्रक होईल.

पहिली तक्रार मघाशी म्हटली तीच. लहान घराची चौकट घट्ट. ती ठरवली त्या काळी कुटुंबाची कल्पना वेगळी होती. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाचे सात मरल्यांचे घर आहे. आजी खालच्या मजल्यावर. डिसेंबर-जानेवारीत इथली थंडी तुम्ही जाणता. आजींसाठी मागच्या व्हरांड्याला काचा लावायच्या होत्या. हे बांधकाम वाढवणे होते की हिवाळ्याचा बंदोबस्त? नियमाच्या भाषेत ते बांधकाम होते. असे शेकडो लहान बदल शहरभर झाले. काहींना नंतर 'गरजेनुसार बदल' म्हणून मान्यता देण्याचे मार्ग निघाले, काही वर्षानुवर्षे नोटिशीत अडकले. जो नियम माणसाच्या साध्या गरजेला वेळेवर वाट देत नाही, तो चोरवाटेला आमंत्रण देतो. आणि चोरवाट एकदा पडली की तिच्यातून आजीच्या काचांबरोबर दुसऱ्याचा पूर्ण अनधिकृत मजलाही निघून जातो.

दुसरी तक्रार हद्दीबाहेरची. शहराभोवतीचा हिरवा पट्टा राखण्यासाठी १९५२ मध्येच वेगळा परिघ नियंत्रण कायदा झाला. सुरुवातीला पाच मैल, १९६२ मध्ये दहा मैलांपर्यंत. पण १९६६ मध्ये पंजाबची पुनर्रचना झाली, चंदीगड केंद्रशासित झाले आणि तो परिघ पंजाब, हरियाणा व चंदीगड यांच्यात वाटला गेला. त्यात मोहाली आणि पंचकुला ही नियोजित शहरे उभी राहिली आणि झिरकपूरला टोलेजंग इमारतींची दाटी झाली. आतल्या चौकटीत जागा नाही आणि भाव परवडत नाहीत म्हणून आपल्यापैकी कितीतरी तरुण कुटुंबे तिकडे राहतात. सौंदर्य आत आणि गर्दी बाहेर, अशी ही वाटणी झाली आहे. सुंदर शहराची किंमत कोण देते, हा प्रश्न झिरकपूरच्या वाहतुकीत अडकलेल्या माणसाने विचारला तर त्याला उद्धट म्हणू नये.

तिसरी गोष्ट सर्वांत ताजी आणि तुमच्या खिशाशी थेट संबंधित. सेक्टर १ ते ३० हा शहराचा पहिला टप्पा. तो दीड लाख लोकवस्ती धरून आखला होता. सगळे शहर मिळून पाच लाखांचा अंदाज होता. २०११ च्या जनगणनेतच केंद्रशासित प्रदेशाची लोकसंख्या साडेदहा लाखांवर गेली. जागेची ओढ वाढली तशी एक युक्ती निघाली. एक कोठी तिघांनी मिळून हिश्शाने विकत घ्यायची, पाडून तीन मजले बांधायचे आणि प्रत्येकाने एकेक मजला वापरायचा. कागदावर एकच घर, प्रत्यक्षात तीन फ्लॅट. २००१ मध्ये यासाठी अपार्टमेंट नियम आले होते, ते २००७ मध्ये रद्द झाले; युक्ती मात्र चालू राहिली. रहिवाशांची संघटना न्यायालयात गेली आणि १० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. खंडपीठात न्या. भूषण गवई आणि न्या. बी. व्ही. नागरत्ना होते. गवईसाहेब आपल्या अमरावतीचे, हे सांगायला नको.

निकालाचा सारांश साध्या शब्दांत सांगतो. पहिल्या टप्प्यातील निवासी घरांचे असे तुकडे पाडता येणार नाहीत. एका घराचे तीन फ्लॅट करण्याचा डाव उघड दिसत असेल तर तो नकाशा मंजूर करू नये. मजले तीनच, आणि उंची वारसा संवर्धन समिती ठरवेल त्याप्रमाणे एकसारखी. एफएआर आहे तेवढेच गोठवावे. या भागात दाटी वाढवायची की नाही, याचा विचार आधी त्या समितीने करावा आणि अंतिम निर्णय केंद्र सरकारने घ्यावा. त्यानंतर प्रशासनाने हिश्शांच्या विक्रीवर बंधने आणली आणि ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून एका मजल्याचा हिस्सा घेतला होता, त्यांची झोप उडाली. अशी कुटुंबे आज या सभागृहात बसलेली आहेत. त्यांच्याकडे पाहून "कायदा म्हणजे कायदा" असे म्हणणे मला जमणार नाही. हिस्सा विकणाऱ्याने नफा घेतला, दलालाने दलाली घेतली, आणि धोका मात्र शेवटच्या खरेदीदाराकडे राहिला.

तरीही माझे मत विचाराल तर निकालाचा गाभा योग्य आहे. तीन कुटुंबे आली म्हणजे नुसते तीन स्वयंपाकघर होत नाहीत. तिप्पट गाड्या येतात, पाण्याची मागणी वाढते, गटारावर ताण येतो. डॉ. एम. एस. रंधावांनी रस्त्यारस्त्याला निवडून लावलेली झाडे मग पार्किंगला अडथळा वाटू लागतात. हा बदल मागच्या दाराने, एकेका कोठीतून, कोणाशीही चर्चा न करता होत होता. शहर दाट करायचे असेल तर उघडपणे ठरवून करावे. कुठे करायचे, किती करायचे, पाणी आणि बस कुठून आणायच्या, हे आधी सांगावे. न्यायालयाने दरवाजा कायमचा बंद केलेला नाही. पुढच्या दाराने या, असे सांगितले आहे. आता पुढचे दार लवकर उघडणे ही प्रशासनाची जबाबदारी आहे. अन्यथा हिवाळ्यातल्या काचांचे झाले तेच उद्या मजल्यांचे होईल.

नियमांच्या या शहरात एक गंमत विसरू नका. पाहुणे आले की आपण त्यांना सर्वांत आधी कुठे नेतो? रॉक गार्डनला. सार्वजनिक बांधकाम खात्यातल्या नेकचंद नावाच्या रोड इन्स्पेक्टरने राखीव जमिनीवर, कोणाची परवानगी न घेता, फुटक्या बांगड्या, चिनी मातीचे तुकडे आणि दगडगोटे जमवून ती दुनिया उभी केली. कायद्याने ती पाडायला हवी होती. अधिकाऱ्यांनी ती पाडली नाही आणि १९७६ मध्ये लोकांसाठी खुली केली. चांगले नियंत्रण म्हणजे काय, याचे उत्तर मला त्या निर्णयात सापडते. नियम लिहिणाऱ्याला नियम का लिहिला हे आठवत असेल, तर अपवाद कधी करायचा हेही कळते.

आता तुमच्या उपयोगाचे चार शब्द. घर किंवा हिस्सा घेण्यापूर्वी वाटपपत्र, झोनिंगचा नकाशा आणि कम्प्लीशनचा दाखला स्वतः पाहा. दलालाच्या शब्दावर जाऊ नका. तुमचे घर फ्रेम कंट्रोलमध्ये येते का, हे आधी विचारा. सध्याचे बांधकाम नियम २०१७ चे आहेत. एखादा बदल त्यात बसतो का हे भिंत फोडण्यापूर्वी समजून घ्या, नंतर नव्हे. आणि सर्वांत महत्त्वाचे: नियम किंवा बृहत् आराखडा बदलताना प्रशासन हरकती-सूचना मागवते. ती जाहिरात वर्तमानपत्रात येते आणि आपण ती उलटून पुढच्या पानावर जातो. माझ्या पाहण्यात अशा वेळी मोठे भूखंडवाले आणि व्यापारी वकिलांमार्फत आपले म्हणणे देतात. सात मरल्यांचा माणूस गप्प राहतो. मग चौकट त्याच्यावर घट्ट बसली तर नवल काय? आपल्या मंडळात वकील आहेत, अभियंते आहेत, निवृत्त अधिकारी आहेत. पुढच्या वेळी अशी जाहिरात आली की मंडळाच्या वतीने एक निवेदन तयार करू. मसुदा लिहायला मी बसतो.

आपण इथे पाहुणे म्हणून आलो होतो, आता आपली नातवंडे इथे जन्मली आहेत. या शहराच्या सावलीवर आपला हक्क आहे, आणि ती सावली राखण्याची जबाबदारीही तितकीच आपली आहे. आपण शांतपणे ऐकून घेतलेत, प्रश्न असतील तर प्रसादाच्या रांगेत जरूर विचारा.

गणपती बाप्पा मोरया!